पिंपळनेरची चारुलता

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

वैजयंता म्हणाली, "दिवसभर लोकांच्या कमेंटा वाचता आणि संध्याकाळी माझ्यावर चिडता. त्यापेक्षा वहीवर चिडत जा." बायकोचं ऐकायचं असतं, म्हणून ही वही.

चिडण्यासारखं काय झालं ते लिहितो. धुळ्यात आग्रा रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग हा धंदा. बाकी दिवस माश्या मारण्यापेक्षा दिवाळीपासून 'अक्कानी कटकट' नावाचं चॅनल काढलं. अहिराणीतले दोन-दोन मिनिटांचे विनोदी व्हिडिओ. मी जावई, आणि खाष्ट सासू म्हणजे आमची अक्का. अक्का म्हणजे लताबाई, माझ्या वडिलांची बहीण. वय सहासष्ट. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण संवाद एकदा सांगितला की माझ्यापेक्षा चांगला करून मोकळी होते.

परवाच्या व्हिडिओत जावई गॅसवर भरताची वांगी भाजतो आणि ती फटकन फुटतात, असा प्रसंग होता. ते बघून अक्का खरीच हसली, पोट धरून, पदर तोंडावर घ्यायचा विसरून. तेवढा तुकडा मी मुद्दाम ठेवला. व्हिडिओ असा पळाला की विचारू नका! आणि पाठोपाठ घाण आली. "म्हातारीचे दात बघा, नारळ खवायला ठेवा." "रात्री पोरं घाबरतील." एकाने नुसते दातांचे फोटो टाकले.

दुसरं काही लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण दात! अक्काला जळगावला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि सासरचं कोणी परत न्यायला आलंच नाही. निरोप आला की मुलीचे दात पुढे आहेत, दाखवताना तोंड झाकलेलं होतं. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे, आणि हसताना पदर तोंडावर.

आज जेवताना तिनं विचारलं, "वाच ना रे जितू, लोके काय म्हनतस?" घरात आम्ही अहिराणीच बोलतो, लिहिताना मात्र माझा हात शाळेतल्या मराठीवर जातो. मी फोन उघडला. वरच्या चारही कमेंटा दातांच्या. मी वाचल्यासारखं केलं, "अक्का, तुम्ही हसलात आणि माझा दिवस चांगला गेला."

"कोन शे ती?"

समोर टेबलावर पिंपळनेरच्या एका लग्नाचा अल्बम पडला होता. म्हटलं, "चारुलता. पिंपळनेरची."

 अक्कानं अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज घाणीचा बंदोबस्त केला. चॅनलच्या सेटिंगमध्ये नको ते शब्द घालून ठेवता येतात. तसला शब्द असलेली कमेंट कोणाला दिसत नाही, आपोआप बाजूला पडते. मी घातले: दात, म्हातारी, थेरडी, बुढी, तोंड, नाचवतो. संध्याकाळपर्यंत दीडशे कमेंटा गडप. उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. कचऱ्याची गाडी आल्यावर कोणी डबा चिवडतं का?

'नाचवतो' हा शब्द का, तर कोणा ललितनं लिहिलं होतं, "हा माणूस म्हातारीला नाचवतो आणि स्वतः मोठा होतो." असल्यांना उत्तर देऊन त्यांची किंमत वाढवायची नसते. मी त्याला जागच्या जागी ब्लॉक केलं. दातांवाल्यांना आठवडाभर ठेवलं होतं, याला दोन मिनिटंही नाही. काहींच्या डोक्यात विषच असतं, दुसरं काय.

२ मार्च, रविवार

चारुलता फारच चांगली लिहिते. माझंच कौतुक मी करू नये, पण व्हिडिओतले संवाद सुचायला दोन दिवस लागतात आणि चारुलता मात्र जेवता जेवता सुचते. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. ती दुपारी गल्ल्यावर बसून अक्काचे व्हिडिओ बघते. सासू बरी आहे, पण मोकळं बोलत नाही.

आज अक्कानं विचारलं, "तिले माय नही का, माले इतलं सांगस ते?"

मी म्हणालो, नाही, लहानपणीच गेली. बोलून गेलो आणि वाटलं, बरं सुचलं. आता ती अक्कावर इतका जीव का लावते ते पटतं.

अक्का बराच वेळ ताटातला कण निवडत बसली. मग म्हणाली, तिला लिही, पोटभर जेवत जा म्हणावं. मी फोनवर अंगठा फिरवला. काही टाईप केलं नाही, अर्थात.

१६ मार्च, रविवार

आज लिहायलाच हवं. नात्यातल्या लग्नाला जळगावला गेलो होतो. दरवेळी अक्का जळगाव म्हटलं की काहीतरी दुखतंय म्हणून घरी राहते. या वेळी स्वतःहून निघाली. मांडवात पोरींनी तिला ओळखलं, सेल्फी काढले. एकीनं आमच्या व्हिडिओतला संवाद म्हणून दाखवला आणि अक्का हसली. सगळ्यांसमोर, उघड्या तोंडानं, जळगावात!

माझे डोळे भरून आले. गाडीत वैजयंताला म्हणालो, बघ, हे खोट्यानं झालं असेल तर खोटं वाईट कसं?

ती म्हणाली, "खऱ्या चांगल्या कमेंटा असतील ना? त्या वाचून दाखवा की."

असतील. पण त्या म्हणजे 'नाइस', 'लय भारी' आणि हात जोडलेले इमोजी. अक्काला काय, हात वाचून दाखवू? चारुलतासारखं कोणी लिहीत नाही.

पुढच्या व्हिडिओत अक्काला दोनदा हसवायचं. लोकांना तेच आवडतं.

१३ एप्रिल, रविवार

झालं कल्याण.

आखाजी तीस तारखेला आहे. आज सकाळी अक्का चहा पिताना म्हणाली, "आखाजीले तिले लेवाले कोन जाई?"

मला आधी कळलंच नाही कोणाबद्दल बोलतेय. आपल्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी. भाऊ नाहीतर भाचा मुराळी होऊन तिला आणायला जातो. ज्या पोरीला न्यायला कोणी येत नाही, ती त्या दिवशी सासरच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांचे झोके बघते. चारुलताला माय नाही. म्हणजे तिला माहेर नाही. म्हणजे अक्कानं ठरवलं की तिचं माहेर आपलं घर.

"तू मुराळी व्हय," मला म्हणाली. "भाऊ लागस तू तिना."

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. दुपारी तिनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. तिच्या आईनं त्याच आखाजीला तिला घेतलेलं. घडी अजून मोडलेली नाही.

२० एप्रिल, रविवार

मी सांगितलं, चारुलता नवऱ्याबरोबर सुरतला जाणार आहे, तिनंच लिहिलंय.

अक्का म्हणाली, "आखाजीले सुरतले? माहेर नही म्हनीसन जाई ऱ्हायनी ती." आणि आणखी जोरानं सांजोऱ्यांच्या तयारीला लागली. ती सुरतला जायच्या आधीच जाऊन भेटायचं म्हणे.

चारुलताचं खातं बंद झालं म्हणून सांगावं असा विचार आला. एकदा वाटलं, आजारी पाडावी. तिची आई मारताना काही वाटलं नव्हतं, आता हिला नुसता ताप आणायचं होईना. खरं काय ते सांगून टाकायचं, हा विचारही केला. अक्कासमोर जाऊन बसलोसुद्धा. ती म्हणाली, "आता मना दात दिसतस तरी माले काही वाटत नही." मी उठून स्टुडिओत आलो.

आज नाही तर उद्या सांगीन. व्हिडिओ चांगला चाललाय, त्यात मधे रडारड नको.

२६ एप्रिल, शनिवार

कोणत्यातरी टवाळ पेजनं आमचा वांग्यांचा व्हिडिओ उचलून टाकलाय. अक्काच्या हसण्यावर कॅमेरा नेऊन थांबवलाय, वर बँडबाजा. तिथल्या कमेंटांवर माझं काही चालत नाही. शब्द घालायचे तरी कुठे? तक्रार केली. उत्तर नाही. असू दे, अक्काला कुठे वाचता येतं.

सोमवारी जळगावचं शूटिंग आहे. अक्का म्हणाली, सोमवारी पिंपळनेरला जाऊ. म्हटलं, मला वेळ नाही.

"तू नही जास ते मी जासू."

मी म्हणालो, जा. चिडून म्हणालो, तशी जाणार थोडीच आहे!

२९ एप्रिल, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, आणि काही गाळत नाही.

काल बाराच्या सुमारास जळगावच्या मंगल कार्यालयात होतो, वरमाला सुरू व्हायची होती. अनोळखी नंबर आला. "मी नईम बोलतोय, पिंपळनेरहून. माझं बांगड्यांचं दुकान आहे. तुमच्या अक्का इथं बसल्यात. तब्येत चांगली आहे, पण तुम्ही या." वैजयंता शाळेत शिकवायला गेल्यावर अक्का घराला कुलूप घालून एकटी एसटीत बसली होती.

मी म्हणालो, येतो. आणि वरमाला काढली. मग जेवणाची पंगत काढली. मधेच निघता येईना, दुसरा कॅमेरावाला नव्हता. हे मी सगळ्यांना सांगितलं, आता वहीलाही सांगून झालं. निघालो तेव्हा अडीच वाजले होते.

पिंपळनेरला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का दुकानात स्टुलावर बसलेली. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा आणि लुगड्याची पिशवी. पदर तोंडावर होता. कोणी हसत नव्हतं, ती बोलतही नव्हती, तरी पदर तोंडावर.

नईमभाईंनी सांगितलं ते असं. बसमधून उतरून ती आधी त्यांच्याच दुकानात आली. लेकीकडे बांगड्यांशिवाय कसं जायचं? त्यांनी विचारलं, माप काय? तिला माप माहीत नव्हतं. म्हणाली, कापडाच्या दुकानवाली चारुलता, तिच्या हाताच्या द्या, तुम्ही तिला ओळखत असाल. त्यांनी ओळखलं नाही, तेव्हा त्यांची मुलगी अर्शी तिला घेऊन निघाली. कॉलेजात शिकते ती. गावातली कापडाची दुकानं दोघींनी एकामागून एक पालथी घातली. रुपचंद शेठनी तर आपल्या तिन्ही सुनांना बाहेर बोलावून अक्कासमोर उभं केलं. अक्का प्रत्येकीला विचारायची, "तू का व चारुलता?"

सगळीकडे तिला ओळखत होते. व्हिडिओवाल्या अक्का आल्या म्हणून चहा देत होते. फक्त चारुलता नव्हती.

दमून परत दुकानात आल्यावर अक्का अर्शीला म्हणाली, तुझ्या फोनात बघ, तिनं लिहिलेलं असेल, त्यावरून सापडेल. अर्शीनं शोधलं. सगळ्यात वर त्या टवाळ पेजचा व्हिडिओ आला.

"मला काय माहीत काका, त्यांना सांगायचं नव्हतं," अर्शी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. "मी दोन वाचल्या आणि थांबले. त्या म्हणाल्या, थांबू नको. बठ्ठं वाच. मी बठ्ठं वाचलं."

"सगळं?"

"दातांचं. नारळाचं. मग एकानं लिहिलं होतं की भाचा म्हातारीला नाचवतो. तेव्हा त्या म्हणाल्या, हे परत वाच."

मी अक्कासमोर उकिडवा बसलो. माफ कर म्हणालो. काय काय बोललो आठवत नाही. तिनं डबा नईमभाईंच्या हातात दिला, लेकरांना द्या म्हणाली, आणि उठली. बांगड्या तिनं घेतल्या होत्या. स्वतःच्या मापाच्या.

 परतताना गाडीत, साक्री मागे पडल्यावर अक्का म्हणाली,

"मंग तिनी माय मरेल नही ना?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. म्हटलं, नाही अक्का. चारुलताच नाही. तिची आई नाही, कोणीच मेलेलं नाही.

"बरं शे," अक्का म्हणाली.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

शेजारच्या निंबाला झोका बांधलाय. गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्यात, गाण्यांचा आवाज घरात येतोय. वैजयंता आज आपल्या माहेरी गेली नाही, इथेच थांबली. अक्कानं पुरण घातलं, खापर तापवलं, मांडे केले, सगळं केलं. वाढताना पदर तोंडावर. घरात, आम्हा दोघांपुढे.

मी तो व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग, दुसऱ्यांकडे आहेच.

ललित नावाच्या त्या माणसाला अनब्लॉक केलं. का केलं सांगता येत नाही. काही लिहावं म्हणून बराच वेळ बोटं ठेवून बसलो, सुचलं नाही. मला सुचलं नाही!

८ मे, गुरुवार

वैजयंता काल म्हणाली, "तो कचऱ्याचा डबा एकदा उघडून तर बघा." आज स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बाजूला पडलेल्या कमेंटा उघडल्या. चारशेच्या वर आहेत.

घाण होतीच. पण वाचत गेलो तसं कळलं, चांगल्या कमेंटाही त्यात अडकल्या होत्या. कारण शब्द माझे होते आणि गाळणी आंधळी होती.

"माझी म्हातारी अर्धांगवायूनं आठ महिने पडून होती, बोलत नव्हती. तुमच्या अक्कांचा वांग्याचा व्हिडिओ बघून तिच्या तोंडून आवाज आला. हसली." हे जळगावच्या जुबेदाबींनी लिहिलंय, १८ फेब्रुवारीला.

"माझेही दात असेच आहेत. लग्नाच्या फोटोत तोंड मिटून उभी होते. अक्कांना बघून काल पहिल्यांदा दात दाखवून फोटो काढला." ही वरणगावची, विधी नाव. खाली फोटोही आहे. गोड मुलगी आहे.

"आमच्या बुढीला अक्कांशी फोनवर बोलायचं आहे, नंबर द्याल का?" हे मार्चमध्ये तीनदा लिहिलंय.

अशा मी एकोणचाळीस मोजल्या. एकोणचाळीस चारुलता! माझ्या चारुलतेपेक्षा चांगल्या लिहिणाऱ्या. आणि मी इकडे ताटावर बसून एक रचत होतो. मी किती मूर्ख माणूस आहे, हे मला एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

११ मे, रविवार

मी वाचून दाखवल्या तर अक्का विश्वास ठेवणार नाही, एवढी अक्कल मला आली होती. वैजयंताही माझीच बायको. मग वाटलं, अर्शी! तिनं तर अक्काला सगळं खरं वाचून दाखवलं होतं. तिला फोन केला. पोरगी लगेच तयार झाली. मी एकोणचाळीसमधल्या सगळ्यात चांगल्या अकरा निवडल्या, नीट क्रम लावला, जुबेदाबींची शेवटी ठेवली आणि अर्शीला पाठवल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर फोन आला. स्पीकरवर टाकून अक्काच्या पुढ्यात ठेवला. अर्शी छान वाचते. अक्का मान खाली घालून ऐकत होती. विधीच्या फोटोचं आलं तेव्हा तिचा हात पदरावर थांबला. मला वाटलं, जमलं. शेवटी जुबेदाबींच्या आईचं हसणं आलं. वैजयंता स्वयंपाकघरात डोळे पुसत होती.

अक्का फोनकडे वाकून म्हणाली, "आखो वाच ना बेटा. बठ्ठं वाच."

 पलीकडून अर्शी म्हणाली, "अक्का, काकांनी एवढ्याच पाठवल्यात."

अक्कानं हं केलं. अर्शीला म्हणाली, अभ्यास कर, जेवत जा, अब्बांना सलाम सांग. फोन कसा बंद करायचा ते तिला माहीत नाही, तो तिनं माझ्याकडे सरकवला. मी घाईघाईनं सगळ्या कमेंटा तिच्यासमोर धरल्या, विधीचा फोटो मोठा करून दाखवला. म्हटलं, अक्का, ही खरी आहे, देवाशपथ खरी आहे, वरणगावला आत्ता गाडी काढतो, चल. तिनं फोटोकडे पाहिलं. ओळखीच्या पोरानं चांगली नक्कल केल्यावर बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चांगलं लिखस रे तू," म्हणाली. आणि पदर तोंडावर घेऊन ताटं उचलायला लागली.